नवशिक्यांसाठी सौम्य योगासनांचा व्हिडिओ निवडताना काय पाहावे?

सदाफुली:
नमस्कार. माझे वय ५४ असून काम दिवसभर बसून करण्याचे आहे. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. हलकी आसने करायला हरकत नाही, मात्र श्वास कोंडून धरू नका, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. आमच्या भागातील योगवर्ग पहाटे साडेपाचला भरतो आणि त्या वेळी घरातून निघणे मला शक्य नाही, म्हणून यूट्यूबवर शोध घेतला. 'नवशिक्यांसाठी' म्हणून जे व्हिडिओ समोर आले, त्यांतील बहुतेकांत पहिल्या पाच मिनिटांतच सूर्यनमस्कार सुरू होतात आणि शिकवणारी व्यक्ती हसतमुखाने बोलता बोलता पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना टेकवून मोकळी होते. एखादे नाव सुचवलेत तर उत्तमच, पण निवड नेमके काय पाहून करावी, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे. भाषा मराठी किंवा हिंदी, कोणतीही चालेल.

पिंपळपान:
सदाफुलीताई, शीर्षकातील 'सोपे' आणि 'दहा मिनिटांत' या शब्दांवर जाऊ नका. व्हिडिओ आधी एकदा नुसता ऐकावा, असे माझे मत आहे. फोन पालथा ठेवा आणि केवळ आवाजावरून आसन कळते का, ते पाहा. कारण पोटावर झोपल्यावर पडदा दिसणारच नसतो आणि तो पाहण्यासाठी मान उचलली की मानेलाच ताण बसतो. भुजंगासन घ्या. 'आता हळूच वर या' एवढ्यावर भागवणारा शिक्षक आणि 'कोपरे शरीराजवळ ठेवा, बेंबी जमिनीला टेकलेली राहू द्या, हातांवर भार न टाकता श्वास घेत छाती उचला' असे सांगणारा शिक्षक, यांतला फरक ऐकताक्षणी लक्षात येतो.

आसनात जायला सगळेच शिकवतात, त्यातून बाहेर कसे यायचे हे सांगणारे थोडेच असतात. शवासनानंतर कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे, जरा वेळ बसावे आणि मगच उभे राहावे असे सांगितले आहे का, हे शेवटची दोन मिनिटे पाहिली तरी समजते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, त्यामुळे तुमच्या बाबतीत याकडे काणाडोळा करून चालणार नाही. (शवासन अर्ध्या मिनिटात उरकणारा व्हिडिओ मी तरी तिथेच बंद करतो.)

कोकणकडा:
नावच हवे असेल तर आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम, म्हणजेच 'कॉमन योगा प्रोटोकॉल', पाहावा. २१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा झाला, त्या निमित्ताने तो आखला गेला. आता तो सुमारे पाऊण तासाचा असून विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचा क्रम चांगला आहे: आधी मान, खांदे, कंबर आणि गुडघे यांच्या चालनक्रिया, त्यानंतर उभ्याने, बसून, पोटावर आणि पाठीवर करायची आसने, आणि शेवटी प्राणायाम व ध्यान. मात्र तो मैदानावर मोठ्या समुदायाने एकत्र करण्याच्या दृष्टीने बेतलेला असल्यामुळे घरी एकट्याने शिकणाऱ्याला त्याचा वेग झेपत नाही. आपण सुरुवातीला चालनक्रिया, ताडासन (ताठ उभे राहून हात वर ताणणे), मकरासन (पोटावर झोपून विश्रांती) आणि शवासन एवढेच घ्यावे. गुडघा दुखत असेपर्यंत वज्रासन, उष्ट्रासन व शशांकासन ही गुडघे दुमडून करायची आसने वगळावीत. रक्तदाब असताना कपालभाती, म्हणजे झटक्याने श्वास बाहेर टाकण्याची क्रिया, आपल्या मनाने करूच नये. नाडीशोधन, म्हणजे आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास घेणे, श्वास न रोखता करता येते.

गुडघ्यांसाठी मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या परंपरेतील पवनमुक्तासन मालिकेचा पहिला भागही उपयुक्त आहे. त्यात पाय पसरून बसून पायाची बोटे, घोटे आणि गुडघे क्रमाने हलवायचे असतात. शोधताना 'मालिका' हा शब्द अवश्य घालावा, नाहीतर पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेण्याचे एकच आसन समोर येते.

जास्वंद:
वरील बहुतेक सूचना पटल्या, परंतु ज्यांना जिना उतरताना त्रास होतो त्यांना पहिल्याच दिवशी जमिनीवर बसवावे, हे मला मान्य नाही. खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊन करायच्या आसनांचा व्हिडिओ आधी निवडावा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे अशा साधनांचा उपयोग करून ज्यांचे शरीर वाकत नाही त्यांनाही आसने करता येतील अशी पद्धत रुजवली. व्हिडिओत शिक्षकाच्या शेजारी खुर्ची, उशी किंवा घडी घातलेली चादर दिसली, तर हा माणूस ताठर शरीराचा विचार करून शिकवतो आहे, असे समजायला हरकत नाही. खुर्ची बिनचाकांची, बिनहातांची आणि भिंतीला टेकवलेली असावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते. सतरंजीही तशीच सरकते, म्हणून उभ्याची आसने अनवाणी, कोरड्या फरशीवरच करावीत.

शिवाय तुमचा गुडघा नेमका कुठे आत वळतो आहे, हे व्हिडिओतील शिक्षकाला दिसत नाही. योगवर्ग रोज जमणार नसला तरी एखाद्या रविवारी तिथल्या शिक्षकांना भेटून निवडलेली आसने करून दाखवा.

सदाफुली:
सर्वांचे मनापासून आभार. आयुष मंत्रालयाचा व्हिडिओ फोन पालथा ठेवून ऐकला. सूचना स्पष्ट आहेत, पण वेग खरोखरच झेपत नाही. यूट्यूबवर वेग ०.७५ ठेवून तोच व्हिडिओ वापरला तर चालेल का?

पिंपळपान:
तसे करू नये. वेग कमी केला की 'श्वास घ्या' आणि 'श्वास सोडा' या दोन सूचनांमधले अंतरही लांबते आणि पुढच्या सूचनेची वाट पाहता पाहता नकळत श्वास रोखला जातो. डॉक्टरांनी तर नेमके तेच टाळायला सांगितले आहे. त्याऐवजी प्रत्येक आसनाची सूचना ऐकून व्हिडिओ थांबवा, स्वतःच्या गतीने दोन-तीन श्वास होईपर्यंत आसनात राहा आणि मग पुढे सुरू करा. चालनक्रिया आणि ताडासन झाल्यावर थकवा वाटला, तर मधली आसने सोडून व्हिडिओ सरळ शवासनापर्यंत पुढे सरकवावा. जमिनीवर उतरणे जड जात असेल तर पलंगावर झोपूनही शवासन करता येते.