प्रतिसाद: अनोळखी नवऱ्यांसाठी जहाजातून पाठवलेल्या मुली

कॅनडातल्या क्यूबेक आणि अमेरिकेतल्या जेम्सटाउन या वसाहतींत अनोळखी पुरुषांशी लग्नासाठी युरोपातून जहाजाने मुली पाठवल्या गेल्या, ही उदाहरणं वरच्या लेखात आली आहेत, ती पटलीच. पण त्या लेखाखाली 'असं काही आपल्या किनाऱ्यावर झालं नाही' असं लिहिलंय, ते बरोबर नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगालचा राजा लिस्बनहून अनाथ मुली गोव्याला पाठवत असे. त्यांना 'राजाच्या अनाथ मुली' म्हणत. बहुतेकींचे वडील राजाच्या चाकरीत मेलेले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून सहा-सहा महिन्यांचा प्रवास, वाटेत रोगराई आणि वादळं, आणि उतरल्यावर लग्न कुणाशी हे बहुतेकींना ठाऊकच नसे.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो त्यांचा हुंडा. तो बरेचदा रोख नसून सरकारी पद असे: कुठे कारकुनी, कुठे वखारीतलं काम, तर कुठे किल्ल्यावरचा हुद्दा. मुलीशी लग्न करेल त्या पुरुषाला ते पद मिळायचं. म्हणजे येणाऱ्या स्थळाला मुलगी हवी की नोकरी, हा प्रश्न त्या व्यवस्थेतच होता. शिवाय १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आपल्या माणसांना स्थानिक स्त्रियांशी लग्न करायला उत्तेजन दिलं होतं, त्यामुळे नवरे आयते वाट बघत बसलेत असंही नव्हतं. पुढे आर्चबिशप मेनेझिसच्या काळात जुन्या गोव्यात अशा मुलींसाठी आणि विधवांसाठी आश्रयगृह उभं राहिलं. बाहेर पडायचा मार्ग तिथेही मुख्यतः लग्नाचाच होता. या मुलींबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, याचं वाईट वाटतं.