मदत हवी आहे: रिकॉम्बिनंट आयएल-३३ चा प्रभाव दर प्रयोगागणिक कमी होत आहे

नमस्कार. मी ॲलर्जीतील मास्ट पेशींवर (हिस्टामीन सोडणाऱ्या प्रतिकारपेशींवर) पीएच.डी.चे काम करते आणि गेले दोन महिने एकाच अडचणीपाशी थांबले आहे. प्रथिने प्रत्यक्ष हाताळलेले सभासद येथे आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे ई. कोलाय जिवाणूंत तयार केलेले (रिकॉम्बिनंट) मानवी आयएल-३३ हे मास्ट पेशींना चेतवणारे संदेशवाहक प्रथिन आहे, म्हणजे २७० अमिनो आम्लांच्या साखळीतील ११२ ते २७० हा सुमारे १८ किलोडाल्टनचा सक्रिय भाग. १० मायक्रोग्रॅमची व्हायल उघडण्यापूर्वी मी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतली, कारण भुकटी झाकणाला चिकटून राहते. नंतर १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) विरघळवून ५-५ मायक्रोलिटरच्या नळ्या भरल्या आणि उणे ८० अंशांवर ठेवल्या. त्याच नमुन्याची मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असल्याने त्यात बीएसए (प्रथिन प्लास्टिकला चिकटू नये म्हणून घालतात ते गायीचे अल्ब्युमिन) मिसळले नाही.

पहिल्या प्रयोगात मास्ट पेशींना मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम दिल्यावर, त्यांनी सोडलेले आयएल-८ हे प्रथिन रंगावरून मोजणाऱ्या एलायझा चाचणीत आम्ल टाकताच विहिरी गडद पिवळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या प्रयोगात त्याच विहिरींचा रंग कोऱ्या विहिरींपेक्षा जेमतेम वेगळा दिसला. पेशी ठीक आहेत, कारण अँटी-आयजीई (ॲलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडाला बांधून पेशी चेतवणारे प्रतिपिंड) दिल्यावर त्या नेहमीप्रमाणे हिस्टामीन सोडतात. पहिला प्रतिसाद एंडोटॉक्सिनमुळे (ई. कोलायच्या आवरणातील, उकळूनही टिकणाऱ्या विषामुळे) आला असेल असेही वाटत नाही, कारण उकळलेल्या नमुन्याने तेव्हा काहीच रंग दिला नव्हता.

माझी एक चूक मला दिसते. दुसऱ्या प्रयोगापासून सोयीसाठी मी विरळ द्रावण आदल्या संध्याकाळीच माध्यमात करून ठेवत होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या प्रथिनातील चार सिस्टीन (गंधकयुक्त अमिनो आम्ले) काही तासांतच ऑक्सिडाइझ होऊन डायसल्फाइड बंध तयार होतात, प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते पेशीवरील एसटी-२ या आपल्या ग्राहीला बांधले जात नाही. परंतु गेल्या आठवड्यात नवी नळी वितळवून लगेच वापरली, तरीही पहिल्याइतका प्रतिसाद आला नाही. त्यामुळे बीएसए नसल्याने प्रथिन प्लास्टिकला चिकटून वाया जात असावे, ही शंकाही मनातून जात नाही.

ही दोन कारणे एकमेकांपासून वेगळी कशी ओळखावीत? डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) न घालता चालवलेल्या, प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलवर ऑक्सिडाइझ झालेला पट्टा वेगळा दिसेल, असे मी गृहीत धरते आहे. कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास किती प्रथिन लागले ते कृपया सांगावे. सिस्टीनच्या जागी सेरीन असलेले, म्हणजे ऑक्सिडाइझ न होणारे प्रथिन घ्यावे, असे आमच्या सरांचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण शरीरात आयएल-३३ ला आवर घालणारी गोष्टच ऑक्सिडेशन आहे आणि माझा प्रश्न नेमका प्रतिसाद किती काळ टिकतो हाच आहे.

नऊ नळ्या शिल्लक आहेत. नाळेच्या रक्तापासून वाढवलेल्या मास्ट पेशी तयार व्हायला आठ-दहा आठवडे लागतात आणि पुढची तुकडी तीन आठवड्यांत हाती येईल, त्यामुळे त्याआधी जेल चालवून घ्यावे असा विचार आहे.