मदत हवी आहे: आर्डुइनो नॅनो आणलाय, लाल दिवा लागतो पण पुढे काहीच होत नाही

नमस्कार मंडळी. मी अकाउंट्सवाली बाई, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नाही, चूकभूल सांभाळून घ्या. आमच्या घरी सासरे पहाटे साडेपाचला मोटार लावतात आणि पेपरात डोकं घालतात, टाकी भरून वाहायला लागली की खालच्या काकू ओरडतात तेव्हा घरात कळतं. लेक आठवीत आहे, तो म्हणाला आई आपण बझर बनवू. म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन नॅनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी), थोड्या वायरी आणि अंतर मोजायचा तो दोन डोळेवाला सेन्सर घेऊन आलो. बोर्ड ओरिजिनल नाही, दुकानदार म्हणाला सेमच असतो.

आता बोर्ड लॅपटॉपला लावला की लाल दिवा लागतो, पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टच (लॅपटॉपला बोर्ड ज्या नावाने दिसतो ते) दिसत नाही. तीन संध्याकाळी गेल्या. लेकाचा मित्र म्हणतो हा जुना झाला, ईएसपी३२ नावाचा दुसरा बोर्ड घ्या, त्यात वायफाय असतं. आणि एक बेसिक शंका, हा बोर्ड म्हणजे छोटा कंप्युटरच ना? मग यात विंडोजसारखं काही टाकायचं असतं का?

प्रतिसाद १
ताई, बोर्ड बदलू नका, आधी केबल बदला. दिवा लागतो म्हणजे करंट पोचतोय एवढंच, बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या दोन तारा नसतातच. दुसरं म्हणजे अशा स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (लॅपटॉपला ती चिप ओळखता यावी म्हणूनचं छोटं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. आधी केबल, मग ड्रायव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने चाललं ते कळणार नाही.

विंडोज वगैरे काही नाही. वरच्या काळ्या चिपमध्ये प्रोसेसर, मेमरी, पिना सगळं एकत्र, म्हणून मायक्रोकंट्रोलर. प्रोग्रामला ३२ केबी आणि चालताना वापरायला २ केबी रॅम, बस्स. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा यात मावणार नाही. तुम्ही लिहिलेला एकच प्रोग्राम वीज आली की सुरू होतो आणि गोल गोल फिरत राहतो. वॉशिंग मशीनच्या आत हेच चाललेलं असतं.

धागाकर्ती
जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची केबल माळ्यावर सापडली, ती लावली, ड्रायव्हर टाकला, आणि कॉम५ नावाचं पोर्ट दिसलं!! पण बोर्डात प्रोग्राम अपलोड केला की लाल अक्षरात 'नॉट इन सिंक' असं दहा वेळा येतं.

प्रतिसाद २
टूल्समध्ये प्रोसेसर निवडता तिथे 'ओल्ड बूटलोडर'वाला पर्याय घ्या (बूटलोडर म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारा बोर्डातलाच छोटा प्रोग्राम). क्लोन, म्हणजे ओरिजिनल नसलेल्या नॅनोला हा आजार जुनाच आहे, मी स्वतः यापायी एक चांगला बोर्ड मेला समजून फेकून दिलाय. आणि सुरुवात ब्लिंकनेच (दिवा उघडझाप करणारा तयार प्रोग्राम) करा, बोर्डावरचा १३ नंबरचा दिवा, बाहेर काहीही जोडू नका.

ईएसपी३२ चांगलाच आहे पण आत्ता नको. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि तुमचा सेन्सर ५ व्होल्ट परत पाठवतो, सरळ जोडलात तर पिन जाऊ शकते, मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावं लागतं. नॅनो ५ व्होल्टचाच, ही कटकट नाही.

प्रतिसाद ३
माझं थोडं वेगळं मत. तो दोन डोळेवाला सेन्सर टेबलावर झकास चालतो, टाकीत झाकणाखाली ओल धरते आणि मग वाटेल ते आकडे देतो. शिकायला वापरा, पण टाकीत फ्लोट स्विच टाका. पाणी वर आलं की स्विच लागतो, विषय संपला. नॅनोला तर फक्त चालू की बंद एवढंच वाचायचंय.

आणि ताई, पुढे लेक म्हणेल की मोटारच आपोआप बंद करू. त्या छोट्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) १० अँपिअर लिहिलेलं असतं पण मोटार सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते, आत काँटॅक्ट चिकटतात आणि मग मोटार बंदच होत नाही. २३० व्होल्ट ब्रेडबोर्डच्या जवळपाससुद्धा नको. ते काम वायरमनकडून काँटॅक्टर (मोटारीसाठीचा दणकट रिले) लावून घ्या. तोवर बझर भला, उठून बटण बंद करायला सासरे आहेतच की.

धागाकर्ती
ब्लिंक झालं!!! दिवा सेकंदाला उघडझाप करतोय, लेकाने सासऱ्यांना झोपेतून उठवून दाखवला, ते म्हणाले यात काय एवढं. सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लोट स्विच रविवारी आणते. तोवर सेन्सरचा प्रोग्राम टाकून बघितला तर सिरियल मॉनिटरवर (बोर्ड काय पाठवतोय ते लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) आकड्यांऐवजी चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह येतायत, सेन्सर पण गंडका आहे का?

प्रतिसाद २
नाही हो ताई. प्रोग्राममध्ये सिरियल बिगिनच्या कंसात ९६०० आहे की ११५२०० ते बघा आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात तोच आकडा निवडा, हा डेटा पाठवायचा वेग आहे, दोन्हीकडे सारखा नसला की असंच येतं.