स्पायरल स्क्रॅचच्या कव्हरवरची नोंद
‘कंपन्यांनी दारात उभं केलं नाही की बँड स्वतःच रेकॉर्ड काढतात’ हे बऱ्याचदा खरं असेलही, पण मँचेस्टरचा पंक बँड बझकॉक्स त्यात बसत नाही. त्यांनी कंपन्यांची वाट बघितलीच नाही. ५०० पाउंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीच्या नावाने, ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डच्या १००० प्रती काढल्या.

मला सगळ्यात भारी वाटते ती कव्हरवरची नोंद. कोणतं गाणं कितव्या टेकचं (म्हणजे कितव्यांदा वाजवून रेकॉर्ड केलेलं), वरून काही डब केलंय का (म्हणजे नंतर आणखी काही वाजवून त्यात मिसळलंय का), सगळं छापलंय! ‘ब्रेकडाउन’ : तिसरा टेक, डब नाही. इतर लोक जे झाकतात, ते यांनी खुशाल मिरवलं. गायक हॉवर्ड डेव्होटो मात्र रेकॉर्ड बाजारात येते न येते तोच बँड सोडून मोकळा झाला.