निर्दोष असेल तर वकील कशाला?

वर एकांनी लिहिलंय की माणूस खरंच निर्दोष असेल तर त्याला वकिलाची गरजच काय, खरं काय ते बाहेर येतंच. मी आरोपींच्याच केसेस चालवतो म्हणून सांगतो, आपोआप काही येत नाही हो. क्लॅरेन्स गिडियनची केस बघा. १९६१ साली फ्लोरिडात चोरीच्या आरोपात अडकला, पैसे नव्हते म्हणून कोर्टाकडे वकील मागितला तर जज म्हणाले तो फक्त मृत्युदंडाच्या केसमध्ये मिळतो, मग बिचारा स्वतःच लढला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून पेन्सिलने लिहिलेला अर्ज, गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे हा १९६३ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्या निकालाने तो सुटला नव्हता! खटला परत चालला, आरोप तोच, मुख्य साक्षीदार तोच, फक्त या वेळी उलटतपासणीला वकील होता, त्याने साक्षीदाराला तू स्वतः पहाटे तिथे काय करत होतास इथपासून धरलं, आणि ज्युरीने तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवलं.

बाकी ते 'पैसे घेऊन गुन्हेगार सोडवता' वगैरे चालू द्या. सोडायचं की नाही हे आम्ही ठरवत नाही, पुरावा कच्चा असेल तर तो कच्चा आहे एवढंच दाखवतो.