कोरी हॅरिस ऐकतोय, ब्लूज आणि रेगेचं मूळ एकच कसं?

भुसावळकर:
राम राम मंडळी. सध्या अमेरिकेतला ब्लूजवाला कोरी हॅरिस, त्याचा २००३चा 'मिसिसिपी टू माली' हा अल्बम सारखा चालू आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत तिथल्या गिटारवाल्या अली फार्का तुरेंसोबत बसून वाजवलंय, काय गिटार आहे भो! मग ह्याच माणसानं २००७ला 'झायन क्रॉसरोड्स' हा रेगे अल्बम काढला. त्याला दोन्हीकडे आफ्रिका दिसते, पण मला ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यात, सगळी तारेची वाद्यं ऐकू येतात आणि जमैकाच्या रेगेत नुसते ड्रम अन् बास. मग मूळ एक कसं म्हणायचं?

पांझराकाठ:
भाऊ, आफ्रिका म्हणजे एक गाव नाही ना. माली, सेनेगल, गॅम्बिया ह्या पट्ट्यात तारेची वाद्यं जुनी, न्गोनी, अकोंटिंग वगैरे, बँजो ह्याच घराण्यातला. आता ढोलाचं ऐक. १७३९ला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्टोनोचं गुलामांचं बंड झालं, त्यात ढोल वाजवत माणसं गोळा केली होती, म्हणून १७४०च्या कायद्यानं तिथं गुलामांच्या ढोलावरच बंदी आली. आजूबाजूलाही मालकांना ढोलाची धास्तीच, मग हात तारेकडे गेले आणि ठेका पायावर न् टाळ्यांवर आला. जमैकात मात्र ढोल टिकला, बुरू ढोल, त्यातून रास्तांचं, म्हणजे तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं, न्याबिंगी ढोलवादन आलं, त्यात बास, फुंडे आणि रिपीटर असे तीन ढोल. त्यांच्यातला ढोलवाला काउंट ऑसी, त्याचं वादन ऐक, रेगेचा पाया तिथं सापडतो. म्हणजे मूळ एकच आहे, कुठे काय हिसकावलं गेलं तेवढा फरक.

चोपडेकर_ताई:
पांझराकाठ दादा मस्त लिहिलंत. मी गाण्याच्या बाजूनं सांगते. आपल्याकडे खान्देशात वहीगायनात पुढचा ओळ टाकतो आणि मागचे झेलतात, डफ चालूच, तसं तिकडं कापसाच्या शेतात एकानं हाक द्यायची बाकीच्यांनी उचलायची, ब्लूजमध्ये हेच काम एकटा माणूस गळा आणि गिटार वाटून करतो. आणि कापसाचं निघालंच तर, १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला तेव्हा आपल्या खान्देशच्या कापसाला तेजी आली होती. तिकडचा कापूस वेचणाऱ्यांचंच गाणं आपण आज जळगावात बसून ऐकतो, मला तर ह्यानं फार भरून येतं.

भुसावळकर:
ताई, दादा, हे कोणी सांगितलंच नव्हतं! पण मिसिसिपीत ढोल पूर्ण संपला का मग?

पांझराकाठ:
नाही रे, उत्तर मिसिसिपीच्या डोंगराळ भागात फाइफ अन् ड्रम टिकलं, वेताची बासरी आणि ढोल. ओथा टर्नर त्यातला मोठा माणूस, २००३लाच गेला, त्याची नात शार्डे थॉमस तुझ्याच अल्बममध्ये आहे बघ. आधी तो ट्रॅक लाव, लगेच न्याबिंगी लाव, हेडफोननं.

चोपडेकर_ताई:
आणि अली फार्कांची न्जार्का सोडू नकोस, एका तारेची सारंगी, गिटारच्या आधी ती ऐक.