मदत हवी आहे: बीटलच्या पट्ट्या बसत नाहीत. भोकं मोठी करू की पट्ट्या परत करू?

स्टेपनी:

नमस्कार मंडळी,

काकांकडून आलेली फोक्सवॅगन बीटल गेली दोन वर्षं जमेल तशी उभी करतोय. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं, रंगही झाला. आता फक्त अंगावरचे दागिने, म्हणजे शोभेच्या चकचकीत धातूच्या पट्ट्या राहिल्यात आणि तिथंच घोडं पेंड खातंय.

कागदपत्रांवर साल १९६६ आहे. म्हणून ‘१९६६’ असं स्पष्ट लिहिलेला नवा रिप्रो संच, म्हणजे मूळ पट्ट्यांची आत्ता बनवलेली नक्कल, मागवला. सात तुकडे: बॉनेटवरची उभी पट्टी एक, दारांच्या दोन, दारांपुढच्या दोन आणि मागच्या दोन. दिसायला लखलखीत. पण सोबतच्या क्लिपा पत्र्यातल्या भोकांत शिरायलाच तयार नाहीत, त्यांचा पाय भोकापेक्षा जाड आहे. रंगकाम करणारा म्हणतो, “ड्रिलनं भोकं मोठी करून देतो, दोन मिनिटांचं काम.” ताज्या रंगावर ड्रिल फिरवायला माझा हात धजावत नाहीये.

दुसरी गोष्ट. मास्किंग टेपनं एक पट्टी दारावर नुसती चिकटवून लांबून पाहिली. फार रुंद वाटली. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचा पट्टा बांधावा तशी. जुन्या फोटोत खात्री करायला गेलो तर नेमक्या काकू दाराला टेकून उभ्या, पट्टी त्यांच्या पाठीमागे.

गाडीबरोबर एक खोकंही आलं होतं. त्यात अरुंद, वाकलेल्या, पांढरे डाग पडलेल्या पाच पट्ट्या आहेत. मधल्या काळात कुणीतरी बसवलेला स्वस्तातला माल समजून मी त्या माळ्यावर टाकल्या.

सध्या समोर तीन रस्ते आहेत. रिप्रो संचाची किंमत १ धरली तर:

वापरलेला ओरिजिनल संच, डेंट असलेला: साधारण दीडपट.
‘एनओएस’, म्हणजे जुना न वापरलेला कंपनीचा माल, पिशवीसकट: पाचपट. विकणारा म्हणतो, परवापर्यंत ठरवा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.
किंवा आहे तीच रिप्रो, भोकं मोठी करून.

पाचपट पैसे खरंच द्यावेत का? आणि तो माल ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं? मी गाड्यांमधला जाणकार नाही, हे लक्षात घेऊन सांगा.

पान्हा-पक्कड:

ड्रिल आधी खाली ठेवा! भोक मोठं करायला दोन मिनिटं लागतात, लहान करायला वेल्डिंग आणि पुन्हा रंग.

ओरिजिनल की रिप्रो हा नंतरचा प्रश्न. तुमची गाडी नक्की कुठल्या मॉडेल वर्षाची आहे ते सांगा. कागदावरचं साल नको. मागची सीट उचला, तळाच्या मधल्या बोगद्यावर (लांबट उंचवट्यावर) शॅसी नंबर ठोकलेला दिसेल. त्यातला तिसरा आकडा कोणता आहे?

फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये बदलायचं. ऑगस्ट १९६६ पासून बनलेली गाडी कंपनीच्या हिशेबानं १९६७ ची, मग कागदावर १९६६ का असेना. १९६५ च्या मॉडेलपासून तिसरा आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. ११६ ने सुरू झाला तर ६६, ११७ ने तर ६७. आणि याच ६७ च्या मॉडेलपासून कडेच्या पट्ट्या अरुंद झाल्या.

तुमच्या माळ्यावरच्या त्या ‘स्वस्तातल्या’ पट्ट्यांबद्दल मला दाट शंका आहे. पण आधी नंबर सांगा.

स्टेपनी:

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. गंज खरवडून, खडू घासून वाचला.

११७.

आता डोकं धरून बसलोय.

शंकासुर:

माझ्या नावाला जागतो. तो नंबर खालच्या पॅनचा, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याचा आहे, बॉडीचा नव्हे. बीटलची बॉडी पॅनवर बोल्टनं बसते, त्यामुळे एका वर्षाच्या पॅनवर दुसऱ्या वर्षाची बॉडी चढवलेल्या गाड्या काही कमी नाहीत. पुढच्या डिकीत स्टेपनीच्या मागे एक छोटी प्लेट असते, तिच्यावरचा नंबर जुळतो का पाहा. नसेल जुळत तर सरळ भोकांवर विश्वास ठेवा. पट्टी बॉडीवर बसते, कागदावर नाही.

स्टेपनी:

@शंकासुर, स्टेपनीच्या मागे आधी कोळ्याचं घर निघालं, मग प्लेट. नंबर जुळला. भोकंही लहानच आहेत. म्हणजे गाडी ६७ चीच आणि मी घेतलेला संच चुकीच्या वर्षाचा. त्यातला माल वाईट नाही, चूक माझीच. परत घेतील असं म्हणताहेत.

पण मग तो पाचपटवाला?

रेतीकागद:

त्याला एवढंच विचारा: पट्टीची रुंदी किती, आणि पिशवीवरचा पार्ट नंबर पूर्ण काय? अर्धा नको, शेवटच्या अक्षरासकट.

फोक्सवॅगनच्या नंबरात पहिले तीन आकडे गाडीच्या प्रकाराचे, १११, ११३ असे. पुढचे तीन भागाच्या गटाचे. ८५३ म्हणजे पट्ट्या, बोधचिन्हं वगैरे. मग त्या भागाचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटी अक्षर असेल तर तो बदललेला नमुना. खरी गोम त्या शेवटच्या अक्षरातच असते. ८५३ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते रुंद पट्टीवरही असतं आणि अरुंद पट्टीवरही.

आणि पिशवी हा पट्टीचा पुरावा नाही. जुनी पिशवी आणि चिठ्ठी खरी, पण आतला माल भलताच, हे मी स्वतः अनुभवलंय. पट्टी पिशवीबाहेर काढून, पाठीकडच्या बाजूचा फोटो मागवा. पुढची बाजू कुणीही चकचकीत करतो. पाठीमागे कडा कशा वळवल्यात, क्लिपा सरकवायची पन्हाळ सरळ आहे का, पूर्वी क्लिप बसून ओरखडे उठलेत का, हे सगळं तिथं दिसतं.

“परवापर्यंत ठरवा” म्हणणाऱ्याला मी नेहमी तेरवा फोन करतो.

गॅरेजवाली:

माळ्यावरच्या पट्ट्यांची परीक्षा घरीच करता येईल. मल्टिमीटर आहे का? बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा आणि दोन्ही टोकं पट्टीच्या पुढच्या बाजूला अलगद टेकवा. रुतवायची नाहीत, नुसती टेकवायची.

त्या काळातल्या मूळ पट्ट्या ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं वर कडक ऑक्साइडचा थर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या. ॲनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून बीप येत नाही. बऱ्याच रिप्रो पट्ट्या स्टेनलेसच्या किंवा नुसत्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्या लगेच वाजतात. जोरात दाबलंत तर मूळ पट्टीही वाजेल, कारण टोक थर फोडून आत जातं. पांढऱ्या डागावर टेकवू नका, तिथं थर आधीच गेलेला असतो. पारदर्शक लॅकर मारलेली रिप्रोही गप्प बसेल, त्यामुळे ही एकच परीक्षा पुरेशी नाही.

लोहचुंबकाचा मात्र इथं फारसा उपयोग नाही. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि स्टेनलेसच्या काही जातींनाही चिकटत नाही. हातात वजन करून पाहा, स्टेनलेस ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड.

स्टेपनी:

पाचपैकी चार एकदम गप्प. पाचवी (बॉनेटवरची) टणकन वाजली. वजनालाही जड आहे.

चार खऱ्या पट्ट्या दोन वर्षं माळ्यावर पडून होत्या. आणि त्यांच्यावर मी रंगाचे डबे ठेवले होते.

जमाखर्च:

अभिनंदन, आता किमतीचं बोलू. धाग्याचा मूळ प्रश्न तोच होता आणि सगळे पार्ट नंबरात रमलेत.

एक, मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. पाचपट मागणारी जाहिरात वर्षभर तिथंच असेल तर तो माल पाचपटीचा नाही एवढंच सिद्ध होतं. विकून संपलेल्या वस्तूंचे आकडे पाहा. दोनचार महिने नुसतं टिपत बसलात तरी अंदाज येतो.

वापरलेल्या ओरिजिनलची खरी किंमत काढताना मी असा हिशेब करतो: पट्टीचे पैसे, डेंट काढायची मजुरी, पॉलिश, ॲनोडाइज, पाठवणीचा खर्च, आणि वर दुरुस्तीत एखादी वाया जाईल याची तरतूद. लांब पट्टी पाठवताना वाकते. पुठ्ठ्याच्या नळीत नाही, लाकडी फळीला बांधून पाठवा असं आधीच सांगायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. एवढं सगळं धरल्यावर तुमचा दीडपटवाला संच तीनपटीच्या पुढे जाईल. तरीही एनओएस महाग वाटत असेल तर वापरलेला घ्या. बेरीज तीनपटीच्या खूप वर गेली तर एनओएसवाला लुटारू नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, ‘ओरिजिनल’ या एका शब्दात चार वेगवेगळे माल विकले जातात. त्या काळात कारखान्यात बनलेला आणि न वापरलेला. त्याच काळातला, पण दुसऱ्याच कंपनीनं बदली माल म्हणून बनवलेला. वापरून उतरवलेला. आणि कंपनीनंच, पण नंतर बनवलेला. शेवटचा प्रकार बीटलमध्ये हमखास भेटतो. जर्मनीत बीटल सलूनचं (बंद छपराच्या बीटलचं) उत्पादन जानेवारी १९७८ मध्ये थांबलं, पण मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यात ती जुलै २००३ पर्यंत बनत होती. त्यामुळे कंपनीचा शिक्का असलेला भाग १९६७ चा असेलच असं नाही. तो वाईट नसतो, पण त्याला पाचपट देऊ नये.

तिसरं, तुम्हाला आता संच नकोच आहे. बॉनेटची एक आणि उरलेल्या दोन, एवढंच हवंय. सुटी पट्टी विकणारे कमी, पण ज्यांच्या संचातली एखादी मेलीय असे पुष्कळ. त्यांच्याकडच्या उरलेल्या चांगल्या पट्ट्यांना गिऱ्हाईक नसतं. तिथं घासाघीस करा. डावी-उजवी नीट सांगा, दारामागच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

मडगार्ड:

थोडं अवांतर, माझ्याकडे दुसरीच गाडी आहे. मागच्या दिव्याची चौकट जस्ताची ओतीव, क्रोमवर फोड आलेत. रिप्रो मिळतेय. घेऊ का?

रेतीकागद:

@मडगार्ड, फोड किती खोल आहेत त्यावर. ओतीव जस्तात क्रोमखालून पोखरलं जातं. प्रत्येक खड्डा कोरून साफ करावा लागतो, तांब्याच्या थरानं भरून घासावा लागतो, मग निकेल, मग क्रोम. मेहनत सगळी घासण्यात आहे, क्रोमचा थर तर मायक्रॉनच्या अंशाएवढा. म्हणून ओतीव भागात डल पण खड्डे नसलेला तुकडा, चकचकीत पण आधी एकदा क्रोम करून घेतलेल्या तुकड्यापेक्षा जास्त मोलाचा. दुसऱ्यात अक्षरांच्या कडा घासून गेलेल्या असतात.

रिप्रो जुन्या तुकड्याचाच साचा घेऊन ओतली असेल तर ती किंचित लहान निघते, धातू थंड होताना आकसतो. बोल्टचे खुंट जुन्या तुकड्याशी जुळवून पाहा. पैसे त्यानंतर.

स्टेपनी:

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

रिप्रो संच परत गेला. पाचपटवाल्याला रुंदी विचारली, त्यानं पट्टीशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो पाठवला. माल खरा होता, पण रुंद. म्हणजे ६६ ची. मी परवा हो म्हटलं असतं तर पाचपट पैसे देऊन पुन्हा भोकांसमोर ड्रिल घेऊन उभा राहिलो असतो.

बॉनेटची आणि दाराची एक अशा दोन अरुंद पट्ट्या सुट्या मिळाल्या, @जमाखर्च म्हणाले तशाच, अर्धा संच मेलेल्या एकाकडून. मल्टिमीटर गप्प.

डेंट काढताना एक चूक केली, ती लिहून ठेवतो. दारापुढची पट्टी तशीच लाकडी ठोकळ्यावर पालथी घालून पाठीमागून प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकली. डेंट निघाला, पण पुढून पाहिलं तर तिथं काचेला गेल्यासारख्या बारीक रेघा.

गॅरेजवाली:

ॲनोडाइजचा थर काचेसारखाच ठिसूळ असतो, तो वाकत नाही, तडकतो. आधी थर काढायचा, मग ठोकायचं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात थर निघतो, पण हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. मिनिटामिनिटाला काढून पाहा, जास्त ठेवलीत तर धातूच खाऊन टाकेल. मग डेंट, मग पाण्यात भिजवून ६०० पासून २००० पर्यंत पॉलिश पेपर, मग बफ. आणि पुन्हा ॲनोडाइज करायला देताना सगळ्या पट्ट्या एकदम, एकाच टाकीत द्या. वेगवेगळ्या वेळी दिल्या तर चकाकी सारखी येत नाही आणि दारावरची पट्टी शेजारणीशी भांडतेय असं वाटतं.

स्टेपनी:

तसंच करतो. तडकलेलीचा थर आजच काढून पाहतो, जमलं तर तीही वाचेल. सगळ्या एकदम द्यायच्या म्हणून पाच तयार पट्ट्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात, यावेळी माळ्यावर नाही.

आता एकच राहिली: १९६७ मॉडेल, अरुंद, दारामागची, डावीकडची. डेंट चालेल, भोक किंवा चीर नको. कुणाकडे असेल तर पाठीकडच्या बाजूचा फोटो टाका.